उल्का कोणत्या वर्षावातली?

१३-१४ डिसेंबरच्या रात्री जांबोटी-कणकुंबीकडे उल्का बघायला जाणार असाल तर खिशात हातभर सुतळी ठेवा. बेळगावच्या दिव्यांकडे पाठ करून बसायचं, हे वेगळं सांगायला नको. उल्का दिसली की लगेच दोन्ही हातांनी सुतळी ताणून तिच्या वाटेवर धरा आणि ती रेघ मागे वाढवा. पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी, त्यातही त्यांपैकी कॅस्टर या ताऱ्याजवळ पोचली, तर उल्का मिथुन वर्षावातली, म्हणजे मिथुन राशीतून येताना भासणाऱ्या उल्कांपैकी असू शकते. पण नुसत्या रेघेवर भरवसा नको, वेगही बघा. या उल्का सेकंदाला साधारण ३५ किलोमीटरने येतात. नोव्हेंबरातल्या सिंह वर्षावासारख्या (७१ किलोमीटर) सर्रकन जात नाहीत. आणि जोडताऱ्यांच्या अगदी शेजारी लांबलचक रेघ उमटली, तर ती बहुधा भटकी, म्हणजे कोणत्याच वर्षावातली नसलेली उल्का. वर्षावातल्या उल्का जिथून येताना भासतात, त्या उगमबिंदूजवळच्या त्यांच्या रेघा आखूडच असतात.