स्प्रिंटच्या पोटात लपलेला वॉटरफॉल

सॉफ्टवेअरच्या नोकरीची तयारी करताना ते बनवायच्या दोन पद्धती शिकवतात: वॉटरफॉल आणि स्क्रम. वॉटरफॉलचे टप्पे आणि स्क्रममधल्या मीटिंगांची नावं तुम्हाला पाठ असतील. मुलाखतीत तेवढं पुरतं. नोकरीत नाही.

वॉटरफॉलमध्ये सगळ्या गरजा आधी लिहून त्यावर सह्या घ्यायच्या, मग डिझाइन, मग कोडिंग, आणि टेस्टिंग अगदी शेवटी. ग्राहकाला चालतं सॉफ्टवेअर दिसेपर्यंत पैसे आणि वेळ दोन्ही संपत आलेले असतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखातली आकृती या पद्धतीचं मूळ म्हणून दाखवतात. पण ही सरळसोट पद्धत धोक्याची आहे, असं त्याच लेखात त्यांनीच लिहिलंय! पुढे फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जण जमले आणि अजाइलचा, म्हणजे छोट्या फेऱ्यांत चालतं सॉफ्टवेअर देत राहण्याच्या विचाराचा, जाहीरनामा निघाला. स्क्रम ही त्याच विचाराची एक पद्धत. ‘कागदपत्रं नकोत’ असं त्यात कुठेही नाही. चालतं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, एवढंच आहे.

आता मी टेस्टर म्हणून जिथे अडकले ते सांगते. आमचा स्प्रिंट, म्हणजे कामाची एक ठरलेली फेरी, दोन आठवड्यांचा. बोर्डवर सगळ्या स्टोऱ्या (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली छोटी कामं) पहिल्या सोमवारीच ‘इन प्रोग्रेस’मध्ये. रोज स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, ऐकायचं, ‘ऑलमोस्ट झालंय.’ बिल्ड, म्हणजे तपासायला तयार सॉफ्टवेअर, हातात यायची दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी डेमो. बग निघाले की ते पुढच्या स्प्रिंटला, आणि ‘टेस्टिंगमुळे अडलं’ हे वाक्य माझ्या माथी. हा अजाइल नव्हताच. दोन आठवड्यांत कोंबलेला वॉटरफॉल होता तो.

मुळात काम चुकीचं कापलेलं असायचं. ओटीपीने लॉगिनची स्टोरी घ्या. आमच्याकडे तिचे तुकडे म्हणजे स्क्रीन, एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांच्यातला दुवा) आणि डेटाबेस. यातल्या एकट्या तुकड्यावर लॉगिन होतं का, हे तपासता येत नाही. तिन्ही जोडेपर्यंत टेस्टर रिकामा. त्याऐवजी बरोबर ओटीपी टाकला की आत जाता येणं, हा पहिला तुकडा. स्क्रीन कुरूप असली तरी चालेल, पण वरपासून खालपर्यंत चालणारा हवा. तो तिसऱ्या दिवशी तपासता येतो. मग चुकीचा ओटीपी, मुदत संपलेला, ‘पुन्हा पाठवा’. एक तुकडा तपासून संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. यात डेव्हलपर कधीकधी टेस्टिंगलाही बसतो. काहींना ते कमीपणाचं वाटतं, वाटू दे. प्लॅनिंगमध्ये नवख्याने एकच प्रश्न विचारावा: ‘तपासायला पहिलं काय मिळणार, आणि कधी?’ आधी लोक वैतागतील. दोन-तीन स्प्रिंटांनी तेच आधी सांगायला लागतील.

स्टोरी पॉइंटांची, म्हणजे काम किती मोठं याच्या अंदाजी आकड्यांची, धास्ती घेऊ नका, स्क्रम गाइडमध्ये (स्क्रमच्या मूळ पुस्तिकेत) त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. स्टँडअप पंधरा मिनिटांचा आणि तोही टीमने आपापसांत करायचा. मॅनेजरकडे तोंड करून हजेरी देत असाल तर काहीतरी बिघडलंय. दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर घरच्यांचे पैसे घालू नका; माझ्या मते शेजारी बसवून स्वतःचा कोड दाखवणारी एक सीनियर व्यक्ती त्याहून कितीतरी जास्त शिकवते. अशी माणसं बहुधा कमी बोलतात, शोधावी लागतात.

मुलाखतीत ‘काही विचारायचंय का?’ म्हणाले की विचारा: टेस्टिंग स्प्रिंटच्या कितव्या दिवशी सुरू होतं? उत्तर ‘शेवटच्या दोन दिवसांत’ आलं आणि नोकरीची गरज असली, तर खुशाल घ्या. बऱ्याच टीम तशाच असतात, आणि दुरुस्ती नवख्या माणसालाही सुरू करता येते. फक्त पहिल्या महिन्यात रात्रीचे बेत आखू नका.