अमेरिकेची राज्यघटना वाचायची तर तक्रारींपासून सुरुवात करा

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून सुरुवात करू नका. अमेरिकी घटनेचा वैचारिक पाया म्हटलं की गाईडच्या पहिल्याच पानावर नैसर्गिक हक्क, सामाजिक करार आणि सत्ताविभाजन रांगेने उभे असतात. साताऱ्यात रविवारी माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, ती हे सगळं पाठ करूनच येतात. पण न्यायाधीशाचा पगार कमी करता येणार नाही हे घटनेत कशाला लिहिलं असेल, असं विचारलं की सगळे गप्प. मी कॉलेजात राज्यशास्त्रच शिकवत होते, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. मी त्यांना उलट्या टोकाने वाचायला बसवते.

पहिल्यांदा ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा उघडा. ‘सर्व माणसं समान’ हा दुसरा परिच्छेद तूर्त ओलांडा. त्याच्या पुढे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्ध २७ तक्रारी आहेत. त्या शाळेत कोणी वाचून घेत नाही, आणि खरा माल तिथेच आहे. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे एकेक तक्रार लिहा, उजवी बाजू कोरी ठेवा. मग १७८७ ची घटना आणि १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्या घेऊन उजवी बाजू भरत चला.

सुरुवातीला मी थोडी मदत करते. न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजाच्या मर्जीवर आहे, ही एक तक्रार. उत्तर तिसऱ्या कलमात: वर्तन चांगलं असेतो पद राहील, आणि पदावर असेपर्यंत पगार घटणार नाही. आमच्या संमतीवाचून कर लादले? कर बसवणारं विधेयक लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधिगृहातच सुरू होईल. शांततेच्या काळात खडी फौज आमच्या उरावर ठेवली? सैन्यासाठी पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा मंजूर करता येणार नाही. घराघरात शिपाई उतरवले? तिसरी दुरुस्ती बघा. विधिमंडळं वारंवार बरखास्त केली? काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, वर्षातून निदान एकदा भरलीच पाहिजे. अशा दहाबारा जोड्या लागल्या की घटना हे तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाटेनासं होतं. पोळलेल्या माणसांनी घातलेल्या कड्याकुलपांची ती यादी आहे.

मात्र राजा गेल्यावरही भागलं नाही, म्हणून दुसरी यादी करा. १७८१ पासून तेरा राज्यांचा जो सैल संघ चालला, त्याच्या अडचणींची. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे फक्त मागणी करायची. संघाच्या नियमात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा. १७८१ मध्ये ५ टक्के आयातपट्टीचा प्रस्ताव निघाला, ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि तो बारगळला. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी कोर्टंच बंद पाडली, म्हणजे वसुलीचे दावे चालायलाच नकोत. त्यांच्यात स्वातंत्र्ययुद्ध लढलेले कितीतरी होते, त्यांचा एक पुढारी डॅनिअल शेज त्यातलाच. मध्यवर्ती सरकारकडे पुरेशी फौज नव्हती. अखेर बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांचे रोखे जाळले गेले. मग १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला, तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात सातारा होता. तिकडे कायद्याबरोबर नवी घटनाच आली. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचा, शेजबद्दल सहानुभूती वाटली तरी हरकत नाही. मला वाटते.

घटना जिथे लिहिली गेली ते फिलाडेल्फियाचं अधिवेशन भराभर उरका. मे ते सप्टेंबर १७८७, बंद दाराआड, हजर ५५, सह्या ३९. हक्कांची सनद नाही म्हणून सही नाकारणाऱ्यांतला जॉर्ज मेसन मात्र लक्षात ठेवा. १७९१ च्या दुरुस्त्यांचं बरंच श्रेय त्याच्यासारख्या अडून बसणाऱ्यांना जातं.

आता फेडरलिस्टचे लेख. नवी घटना मंजूर व्हावी म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहिलेले ८५ लेख सगळे वाचायची गरज नाही. आधी ५१ वा घ्या, तो छोटा आहे. माणसं देवदूत असती तर सरकार लागलंच नसतं, असं मॅडिसन त्यात म्हणतो. ती असत नाहीत, म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा आडवी घालायची. नकाराधिकार, महाभियोग, सिनेटची मंजुरी हे सगळं त्यातून आलं. मग १० वा. हा जड जातो, तेव्हा गावची भावकी डोळ्यांसमोर आणा: ग्रामपंचायतीत एक मोठी भावकी सगळ्यांना गप्प बसवू शकते, पण जिल्हा परिषदेत तिला चार दुसऱ्या गटांशी जुळवून घ्यावंच लागतं. प्रजासत्ताक मोठं असावं, हे मॅडिसनचं म्हणणं नेमकं असंच आहे.

लॉक आणि फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू आता काढा. लॉकच्या शासनावरील दुसऱ्या निबंधातली ११ वं आणि १९ वं अशी दोनच प्रकरणं आधी वाचा. जुलमांची लांबलचक मालिका झाली की लोक उठतात, हे १९ व्यात आहे, आणि जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफर्सनने त्यात जवळपास तेच शब्द घेतलेत. माँतेस्क्यूच्या १७४८ च्या ग्रंथातला अकराव्या भागाचा सहावा अध्याय पुरे. प्रजासत्ताक लहानच टिकतं, हेही त्याचंच मत. घटनेचे विरोधक त्याचाच हवाला देत होते. मॅडिसन १० व्या लेखात कोणाशी भांडतोय, हे इथे कळतं.

एवढं झालं की भक्तिभाव बाजूला ठेवून तीन जागा शोधा: पहिल्या कलमाचे दुसरा आणि नववा विभाग, चौथ्याचा दुसरा. गुलामाचं नावही न घेता त्याला प्रतिनिधित्वाच्या हिशोबात तीन पंचमांश धरलंय, १८०८ पर्यंत गुलामांच्या व्यापाराला हात लावायचा नाही असं ठरवलंय, आणि पळून गेलेल्याला मालकाकडे परत द्यायचंय. हे मिटायला यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती लागली. ज्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केली. ती अर्पणपत्रिका याच टप्प्यावर वाचा, आधी नको.

शेवटी डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण. सरकार स्थिरही हवं आणि जबाबदारही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं, असं ते सांगतात. पोरांना हे कोरडं वाटतं, म्हणून मी दोन मतदानं सांगते. १८६८ मध्ये महाभियोगात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनविरुद्ध सिनेटमध्ये ३५ मतं पडली, बाजूने १९. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं आणि तो पदावर राहिला. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयींच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०, आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.