'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा? अलंकार ओळखताना या चुका टाळा

मराठीच्या परीक्षेत अलंकार म्हणजे हमखास गुण, असं समजून मुलं शब्दांची यादी पाठ करतात. सारखा, परी, समान, वाणी आले की उपमा. जणू, गमे, भासे, वाटे आले की उत्प्रेक्षा. आणि मग व्याकरणाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं चालत आलेली ही जोडी समोर येते:

न हे नयन, पाकळ्या उमलल्या सरोजातिल
न हे वदन, चंद्रमा शरदिचा गमे केवळ

'गमे' दिसलं, उत्प्रेक्षा लिहून मोकळे! पण हा अलंकार अपन्हुती. कवी आधी 'न हे' म्हणत डोळ्यांना डोळे मानायलाच नकार देतो आणि मग पाकळ्या पुढे करतो. ओळीचा जीव त्या नकारात आहे, 'गमे'मध्ये नाही.

म्हणून यादी बाजूला ठेवा. आधी उपमेय शोधा, म्हणजे ज्याच्याविषयी बोलणं चाललंय ते. मग उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली आहे ते. आता कवीने या दोघांचं नातं कसं लावलंय ते पाहा. मुख चंद्रासारखं, ही उपमा. मुख जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. मुख हाच चंद्र, दोन्ही एकरूप, हे रूपक. मुख नव्हेच हे, चंद्र आहे, ही अपन्हुती. आणि चंद्राहूनही सुंदर मुख, हा व्यतिरेक.

व्यतिरेकाचीच फार उपेक्षा होते. नामदेवांच्या 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' या ओळीत तुलना आहे खरी, म्हणून बरेच जण उपमा लिहितात. पण नाम अमृतासारखं गोड आहे, असं नामदेव म्हणत नाहीत. अमृत इथे हरलंय. ज्ञानेश्वरांचा मराठी बोलही अमृताशी पैज लावून जिंकतो, तेव्हा तिथेही व्यतिरेकच.

सामासिक शब्दांत तर शब्दांचा क्रम बदलला की अलंकार बदलतो. 'नयनकमल' म्हणजे नयन हेच कमल, म्हणून रूपक. 'कमलनयन' म्हणजे कमळासारखे डोळे असलेला, म्हणून उपमा. 'सारखे' हा शब्द फक्त गाळलेला. विग्रह करून, म्हणजे समास फोडून पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नका.

एका ओळीत एकच अलंकार असतो, हाही गैरसमजच. मोरोपंतांच्या केकावलीतलं 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' घ्या. घडो-पडो हे यमक, आणि 'स'ची आवर्तनं ऐकली तर अनुप्रासही. पृथ्वी हे मात्र याचं वृत्त, म्हणजे ओळीची लय ठरवणारा साचा. अलंकाराच्या रकान्यात 'पृथ्वी' लिहू नका. मोरोपंत काही बोलणार नाहीत, पण तपासणारे गुण कापतील.

शब्दालंकार (सौंदर्य नेमक्या शब्दात) की अर्थालंकार (सौंदर्य अर्थात), असा घोळ झाला तर शब्द बदलून पाहा. 'चंद्रासारखं मुख'ऐवजी 'शशीसारखं वदन' म्हणा, उपमा शाबूत राहते. पण 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?' यात मित्र म्हणजे सखा आणि सूर्यही. तिथे 'दोस्त' घातला की सूर्य मावळला, श्लेषही (एकाच शब्दाचे दोन अर्थ) संपला.