व्हॅनच्या उघडत्या छपराला कापड घेताना

कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीचं, छप्पर वर उचललं की त्याच्या बाजूंना भिंतीसारखं उभं राहणारं कापड फाटलं की ठाण्यात पहिला सल्ला मिळतो ताडपत्रीचा. पाणी अडेल, खरंय. पण पीव्हीसीच्या थरातून हवा जात नाही. दोघं जण रात्रभर झोपले की श्वासातली वाफ आतून धरते आणि पहाटे थेंब गादीवर. सुती कॅनव्हासमधून हवा खेळते, मात्र आपल्या जुलैत ओलं घडी झालं की काळी बुरशी. तिचे डाग सहजी जात नाहीत.

दुकानांच्या छज्जांना लावतात ते अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास बघा, साधारण ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं). कडेचा एक धागा ओढून कात्रीने कापा: गाभा पांढरा दिसला तर रंग वरवरचा, उन्हात लवकर विटणार. दोरा पॉलिस्टरचाच सांगा, सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो.

जुनं कापड टाकू नका, उसवून तेच सीट कव्हरवाल्याला मापाला द्या. मी शहाणपणा करून नुसती लांबी-रुंदी दिली होती. कोपरे इतके ताणले की छप्पर पूर्ण उघडेचना.

आणि घाटातून भिजून आलात, तर घोडबंदरच्या पार्किंगमध्ये का होईना, छप्पर उघडून वाळवा. शेजारी बघतील, बघू द्या.