कोकणात चौकाचं घर बांधताय? आधी पाण्याचा हिशोब करा

देशावरच्या वाड्याचा चौक जसाच्या तसा कोकणात आणला, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याची विहीर होते. पुण्या-साताऱ्याकडे चौक चारी बाजूंनी बंद असतो, कारण कोरड्या हवेत रात्री गारवा उतरतो, चौकात साठतो आणि दुपारपर्यंत पुरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस आणि मे महिन्यात रात्रीसुद्धा चिकचिक. साठवून ठेवावा असा गारवाच नाही. इथे वारा अंगावरून गेला तरच घाम वाळतो. म्हणून इथल्या चौकाची कामं दोनच: वारा ओढून घ्यायचा आणि पाणी बाहेर घालवायचं. फोटोत तो छान दिसतो, हे त्यानंतर.

जागेवर एक पावसाळा काढा

आराखड्याची घाई करू नका. जूनपासून दर पंधरा दिवसांनी जागेवर जा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, झड कोणत्या बाजूने मारते ते पाहा. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यात दुपारी खारा वाराही समुद्राकडूनच. म्हणजे जो वारा आपल्याला हवा आहे, तोच पाऊसही आत घेऊन येतो. खरी पंचाईत हीच आहे.

तोड जुनीच आहे. पश्चिमेची बाजू पूर्ण बंद करायची नाही. तिथे सात-आठ फूट खोल पडवी, पडवीच्या टोकाला जांभ्याची जाळीची भिंत आणि तिच्यामागे चौकाकडे उघडणारी वाट. झड जाळीवर आणि पडवीत जिरते, वारा पुढे सरकतो. जुनी माणसं पावसाआधी पडवीला झावळांचे झाप बांधायची, ते यासाठीच. वाऱ्याला बाहेर पडायला पूर्वेकडे मोठ्या खिडक्या हव्यात. आत आलेल्या वाऱ्याला निघायला जागा नसेल, तर तो आत येतच नाही. चौकाभोवतीच्या खोल्या एकेरी ठेवा: एक खिडकी चौकाकडे, दुसरी बाहेर. खोलीला खोली चिकटवली की मधल्या खोलीला पंख्याशिवाय गत्यंतर नाही.

चौक केवढा आणि दुसरा मजला कुठे

बैठ्या घराला दक्षिणोत्तर १२ फूट आणि पूर्व-पश्चिम १६ फूट एवढा चौक पुरतो. दहा फुटांच्या खाली गेलात तर तो चौक राहत नाही, डक्ट होतो.

रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ५० अंशांवर असतो. दक्षिणेकडची वळचण ९ फुटांवर असेल, तर तिची सावली साडेसात-आठ फूट पडते आणि चौकाच्या उरलेल्या भागात ऊन येतं. तीच बाजू दुमजली करून वळचण १९ फुटांवर नेली, तर सावली १६ फूट. म्हणजे ऐन हिवाळ्यात चौकाच्या जमिनीला ऊन नाही, आणि पावसाळ्यात धरलेलं शेवाळ तिथेच मुक्कामाला. तेव्हा दुसरा मजला हवाच असेल तर उत्तरेकडे घ्या. दक्षिण आणि पश्चिम बाजू बैठ्या राहू द्या. मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, ऊन सरळ डोक्यावरून खाली येतं. त्याला भिंती अडवत नाहीत, तिथे झाडच लागतं.

टँकरभर पाणी, तासाभरात

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपला चौक साधारण १८ चौरस मीटर, त्यात उतरणारी छपराची पाखी धरा ८० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस कोसळला तर जवळजवळ १०,००० लिटर, म्हणजे एक टँकर चौकात रिकामा होतो. असा पाऊस क्वचित पडतो, पण घर त्याच तासासाठी बांधायचं असतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

म्हणून शक्य तिथे छपराची उतरण बाहेरच्या बाजूला जास्त ठेवा. चौकाची जमीन पडवीपेक्षा निदान ८ इंच खाली घ्या आणि तिला दहा फुटांना दीड इंच उतार द्या. पागोळ्या जिथे पडतात तिथे फूटभर रुंद चर खणून त्यात गोटे भरा, म्हणजे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. बाहेर जायला चार इंची पाइप एक नाही, दोन. हिशोबाने एक पुरतो, पण एक पानांनी तुंबणारच, आणि तो रात्री दोन वाजताच तुंबतो. तोंडाशी हात घालून साफ करता येईल एवढी कुंडी ठेवा. पुढे ते पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर एप्रिलमध्ये स्वतःचे आभार मानाल.

वळचण भिंतीपासून निदान साडेतीन फूट बाहेर काढा. मंगलोरी कौलांना तीस अंशांच्या आसपास उतार द्या. कमी उतारावर वाऱ्याने पाणी उलटं आत शिरतं.

चौकावर पारदर्शक पत्रा टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही झाला होता आणि मे महिन्यात तो पत्रा काढावा लागला, कारण खाली पापड भाजले असते. टाकायचाच असेल, तर छपरापेक्षा दीड-दोन फूट वर उचला आणि चारी बाजू मोकळ्या ठेवा. माकडांसाठी जाळी मात्र लावा. समुद्राजवळ साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजतं, तेव्हा ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या.

झाड, डास आणि म्हातारी माणसं

चौकात माड नको, आंबाही नको. एकाचे नारळ डोक्यात, दुसऱ्याची मुळं पायात. पांढरा चाफा चांगला: उन्हाळ्यात पालवतो, पानं गळून हिवाळ्यात ऊन खाली येऊ देतो. छोटं तळं केलंत तर त्यात गप्पी मासे सोडा. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करा, कारण डासाची अंड्यापासून भरारीपर्यंतची मजल आठ-दहा दिवसांत पुरी होते.

आजी-आजोबांच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाणारी वाट चौकातून नको, छपराखालून हवी. पडवीला चकचकीत टाइल लावू नका. खडबडीत कोटा फरशी किंवा जांभा लावा. आणि चार महिने कपडे कुठे वाळणार, हे आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत विचारा. पडवीत दोन दांड्यांची जागा आराखड्यातच नसेल, तर पुढे ओले टॉवेल दिवाणखान्यात दिसतील.

फरशी बसवण्याआधी एक दिवस राखून ठेवा. चौकात दोन नळ्या तासभर सोडा, एका पाइपाचं तोंड बोळ्याने बंद करा आणि पडवीच्या कडेला बसून पाहा. पाणी जिथे थांबेल तिथे खडूने खूण करा. गवंड्याला पैसे त्या खुणा कोरड्या झाल्यावर द्या.