उंच माणसाने आखूड पेडल-कयाक घेताना

सहा फुटांच्या वर उंची आहे आणि नजर दहा फुटी पेडलवाल्या कयाकवर, म्हणजे पायाने चालवायच्या अरुंद छोट्या बोटीवर आहे? मग उंची बाजूला ठेवा, पाय मोजा. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसा आणि पाठीपासून तळव्यापर्यंत टेप लावा. दुकानात सीट पूर्ण मागे सरकवून बघा : पेडल पुढच्या टोकाला गेलं तरी गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय ताठ होत असेल तर ती बोट तुमची नाही, सवलत कितीही असो.

खरी मेख ड्राइव्हमध्ये, म्हणजे पेडलच्या जोराने बोट ढकलणाऱ्या यंत्रणेत आहे. पंख्याच्या ड्राइव्हला पाय सायकलसारखे गोल फिरतात, गुडघे छातीकडे येतात आणि लांब मांड्यांना आखूड बोटीत तेच नडतं. बोटीखाली हलणाऱ्या पात्यांच्या ड्राइव्हला पाय नुसते पुढे-मागे जातात. शिवाय ओहोटीला मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत वाळू वर आली की एक पेडल पुढे दाबून पाती बोटीच्या तळाला चिकटवता येतात. कांदळवनात अडकल्यावर झटकन मागे यायला मात्र पंखाच बरा.

सीट मागे गेली की वजन मागे जातं, नाळ (बोटीचं पुढचं टोक) उचलते आणि तिथल्याच देवबागच्या वाऱ्यात बोट भरकटते. नांगर, पाण्याचा कॅन पुढे ठेवा. सामानासकट तुमचं वजन बोटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशावर जाऊ देऊ नका. आणि लाइफ जॅकेट घालूनच बसून बघा. त्याची जाडी पाठीमागे जागा खाते.