जेलमधल्या आईबाबांसाठी सेवा सुरू करायचीये? मग आधी त्यांच्या लेकरांकडे जा

आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये जेल मिनिस्ट्री, म्हणजे कैद्यांमधली सेवा, म्हटलं की एकच ठरलेलं, नाताळच्या आठवड्यात येरवड्याला नाहीतर नाशिकरोडला जायचं, चार गाणी, एक संदेश, केक वाटप आणि घरी. जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, पण आतल्या माणसाची रात्रीची झोप उडते ती पोरांच्या काळजीने, पोरगी शाळेत जातेय का, फी कोणी भरली, ती आपल्याला विसरली तर नाही ना. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आईबापांसाठी सेवा करायची असेल तर सुरुवात मुलाच्या घरापासून करा, जेलचं गेट नंतर.

अमेरिकेत मेरी के बियर्ड नावाच्या बाई होत्या, स्वतः शिक्षा भोगून बाहेर आलेल्या. आत असताना त्यांनी बघितलेलं की ख्रिसमसला संस्थावाले साबण-टूथपेस्ट देऊन जायचे आणि कैदी आया ते स्वतः न वापरता कागदात गुंडाळून भेटायला आलेल्या मुलांना गिफ्ट म्हणून द्यायच्या. त्यातूनच त्यांनी 1982 मध्ये एंजल ट्री सुरू केलं, म्हणजे वस्तू मंडळीने घ्यायची पण मुलाच्या हातात जाताना ती आईकडून किंवा बाबांकडून म्हणून जायची. हे नीट लक्षात घ्या, वहीवर मंडळीचं नाव छापून देऊ नका, "पप्पांनी पाठवलंय" एवढंच सांगा, आणि पप्पांनी खरंच आतून दोन ओळी लिहून दिलेल्या असू द्या.

टीम छोटी ठेवा, पाच-सहा जण पुरे, त्यात बायका हव्यातच आणि एखादा वकील मिळाला तर फारच उत्तम. उत्साही माणसापेक्षा तोंड बंद ठेवणारा माणूस निवडा, कारण कोणाचे वडील कुठल्या केसमध्ये आहेत याची चर्चा संडे स्कूलच्या व्हरांड्यात सुरू झाली की ते पोरगं परत येत नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकतानाही नाव टाकायचं नाही.

परमिशनसाठी लेटरहेडवर जेल अधीक्षकांच्या नावाने अर्ज करा, येणाऱ्यांची नावं, ओळखपत्रं आणि आत नेमकं काय करणार ते सगळं लिहा. कार्यक्रम सगळ्या धर्माच्या बंद्यांसाठी आहे आणि कोणाचंही धर्मांतर करणार नाही हे स्पष्ट लिहा आणि तसंच वागा, प्रार्थना कोणी मागितली तर करायची, मदतीच्या बदल्यात कधीच नाही. कागदांना वेळ लागतो, राज्याच्या कारागृह विभागाचं मुख्य ऑफिस पुण्यात आहे, तिथपर्यंत फाईल जाऊ शकते, तेवढा धीर ठेवा. तोपर्यंत आधीपासून काम करणाऱ्यांबरोबर शिका, कॅथलिक लोकांची प्रिझन मिनिस्ट्री इंडिया 1981 पासून आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा (टिस) प्रयास प्रकल्प 1990 पासून. आपल्या राज्यात जेल प्रशासन गळाभेट नावाचा कार्यक्रम घेतं, त्या दिवशी बंदी आपल्या मुलांना जवळ घेऊन बसू शकतात, त्यासाठी मुलांना गावाकडून आणायची जबाबदारी घेता येते का ते विचारा, बऱ्याच आज्यांकडे एसटीच्या तिकिटाचेच पैसे नसतात.

एरवीच्या मुलाकातीत काय होतं, मधे काच, बोलायला फोन, वेळ थोडा, आणि तो सगळा वेळ आजी वकिलाची फी आणि पुढची तारीख यातच घालवते, पोरगं खाली शर्टाचं टोक चावत उभं, फोन त्याच्या हातात येतो तेव्हा शिपाई वेळ संपली म्हणतो. म्हणून आदल्या दिवशी घरी जा, आजीला सांगा की पहिली पाच मिनिटं बाळाची, आणि बाळाशी बोलून ठेवा की तू काय सांगणार, दात पडला ते सांग, गणितात किती पडले ते सांग. आतल्या बाबांनाही तेच शिकवायचं, "अभ्यास करतोस ना, आईला त्रास देऊ नको" याच्यापुढे बऱ्याच जणांना बोलताच येत नाही. पत्र लिहायला शिकवा, लिहिता येत नसेल तर तो सांगेल आणि तुम्ही लिहा, अधिकारी पत्र वाचतात त्यामुळे केसबद्दल काही नको.

आणि आत जाऊन पापाच्या शिक्षेवर संदेश देऊ नका प्लीज. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातले साधारण 76 टक्के बंदी कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नाही. बायबलमध्ये इब्री 13:3 मध्ये बंदिवानांची आठवण कशी ठेवायची सांगितलंय, तर आपणही त्यांच्याबरोबर बांधलेले आहोत असं समजून.

आईजवळ लहान मूल असेल तर वेगळा विचार करा. सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंत मूल आईबरोबर जेलमध्ये राहू शकतं, नंतर नातेवाईकांकडे किंवा संस्थेत. या सहाव्या वाढदिवसाची तयारी वर्षभर आधी सुरू करा, मामी-मावशी कोण सांभाळणार ते बघा, मुलाची त्यांच्याशी ओळख वाढवा, त्याने कधी रस्ता, कुत्रा, बाजार बघितलेला नसतो.

एक गोष्ट मात्र कधीही विसरायची नाही. गुन्हा त्याच मुलावर किंवा मुलाच्या आईवर झाला असेल तर नातं जोडायला धावू नका, बायबलमधलं क्षमेचं वचन सांगून मुलाला भेटायला तर अजिबात लावू नका. कोर्टाचा आदेश काय आहे ते बघा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला, मूल नको म्हणालं तर विषय संपला.

पैसे हातात देऊ नका, फी थेट शाळेत भरा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, मुलांना सांभाळायला मदत देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेची चौकशी बाल संरक्षण कक्षात करा, हे फॉर्म भरून देणं हीसुद्धा सेवाच आहे.

माणूस सुटून आला की त्याला पुढच्याच रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, उभं करू नका. घरात पोरगं त्याला अनोळखी माणसासारखं बघत असतं, बायकोला एकटीने सगळं करायची सवय झालेली असते, आणि त्याला काम कोणी देत नाही. तेव्हा मंडळीतल्या दुकानदार, कॉन्ट्रॅक्टर बंधूंशी तो सुटायच्या आधीच बोलून ठेवा, आणि पहिले काही महिने टीममधल्या एकाने आठवड्यातून एकदा चहाला जायचं.